शिकण्यातील अडचणी आणि औषधाविना उपचार : प्रस्तावना

भंडारा जिल्ह्यातील कोणत्याही गावी, मग ते तुमसरकडचे मँगनीजच्या खाणींजवळचे असो, पवनीकडचे गोसीखुर्दच्या पाण्यालगतचे असो, की साकोली-लाखांदूरकडचे धानाच्या बांध्यांनी वेढलेले असो, प्राथमिक शाळेच्या हजेरीपटावर दोनचार नावे अशी सापडतातच, की ज्यांच्याविषयी विचारणा केली असता गुरुजी क्षणभर थांबतात आणि 'पोरगा चांगला आहे, पण अभ्यासात नाही' असे काहीसे मोघम सांगून विषय बदलतात. यांपैकी एक मूल असे असते, की मामा (माजी मालगुजारी) तलावाला पाणी चढले म्हणजे जाळे कोठे टाकावे हे ते जाणते, आठवडी बाजारात हिशेबाला फसत नाही, घरच्या वडीलधाऱ्यांना मोबाइल लावून देते. परंतु पाचव्या इयत्तेत पोचूनही दोन ओळींचा मजकूर सलग वाचणे त्याला साधत नाही. दुसरे असे, की ते घटकाभरही एका जागी ठरत नाही. तिसरे नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही आणि फिरत्या पंख्याकडे मात्र तासच्या तास पाहत राहते. चौथ्याची समजच वयाच्या मानाने संथ असते. शाळेच्या दप्तरात या चौघांपुढे बहुधा एकच शेरा पडतो आणि चौघेही यथावकाश एकाच वाटेने, म्हणजे गुरे राखण्याच्या, विड्या वळण्याच्या किंवा परगावच्या वीटभट्टीच्या वाटेने, शाळेबाहेर जातात.

हल्लीच्या शास्त्राने या चार मुलांना चार निरनिराळी नावे दिली आहेत. पहिल्याची अडचण ती वाचनाक्षमता किंवा डिस्लेक्सिया; तिच्या जोडीला लेखनातील डिसग्राफिया आणि अंकगणितातील डिस्कॅल्क्युलिया असतात आणि या तिन्हींना मिळून कायदा 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' म्हणतो. दुसऱ्याची ती अवधानन्यूनता व अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी; तिसऱ्याची स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम; चौथ्याची बौद्धिक अक्षमता. प्रत्यक्षात ही नावे इतकी वेगळी राहत नाहीत, एकाच मुलात दोनतीन अडचणी एकत्र नांदतात. परंतु त्या सर्वांचे मूळ मेंदूच्या वाढीतील वेगळेपणात आहे, मुलाच्या आळसात किंवा आईच्या लाडात नाही, एवढे निश्चित. आणि ही मुले थोडी नाहीत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत देशातील पाच ठिकाणची, त्यांत उत्तर गोव्याचीही, दोन ते नऊ वर्षांची मुले तपासली असता दर आठांमागे जवळजवळ एका मुलात मेंदूच्या वाढीशी किंवा ज्ञानेंद्रियांशी निगडित अशी काही ना काही अडचण आढळली. यावरून चाळीस मुलांच्या वर्गाचा अंदाज ज्याने त्याने करावा.

प्रस्तुत संग्रहाचा विषय या मुलांसाठी औषधाविना करावयाचे उपचार हा असल्यामुळे, आणि 'औषधाविना' हा शब्द अलीकडे बाजारात फार सैलपणे फिरू लागल्यामुळे, त्याची मर्यादा आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. वाचनाक्षमतेवर जगात कोठेही औषध नाही. पुण्यामुंबईच्या नामांकित तज्ज्ञाकडे गेले तरी तो गोळी लिहून देणार नाही. तो शिकवण्याची पद्धती लिहून देईल. तेव्हा या बाबतीत औषधाविना उपचार हाच एकमेव उपचार होय, आणि जो कोणी त्याची जाहिरात एखाद्या नव्या शोधासारखी करतो तो लोकांच्या अज्ञानाचे भांडवल करीत असतो. स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांवरही औषध नाही. तीव्र चिडचिड, स्वतःला इजा करून घेणे, झोप न लागणे यांसाठी डॉक्टर प्रसंगी काही देतात, इतकेच. अवधानाच्या बाबतीत मात्र औषध आहे आणि ते पुष्कळ मुलांना उपयोगी पडते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टराने काही मुलांना डोकेदुखीसाठी बेन्झेड्रिन दिले. डोकेदुखी फारशी हटली नाही, पण मुले शाळेच्या कामात एकाएकी रमू लागली, ही त्या औषधांची जन्मकथा. तरीदेखील सहा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत प्रथम आईबापांना वर्तनाचे वळण लावण्याचे शिक्षण द्यावे आणि औषधाचा विचार त्यानंतर करावा, असाच बालरोगतज्ज्ञांचा दंडक आहे.

या संग्रहातील एकाही लेखकाचा औषधांना सरसकट विरोध नाही. फेफरे येणाऱ्या मुलाची गोळी 'नैसर्गिक उपचार सुरू केले' म्हणून परस्पर बंद करणे हे मुलाच्या जिवाशी खेळणे आहे. थायरॉइडची उणीव, रक्तक्षय, वाहते कान यांवर औषध आहे, स्वस्त आहे, आणि ते न देणे हा गुन्हा मानला पाहिजे. गोळीला नावे ठेवून चूर्णाच्या पुड्या हाती देणाऱ्यांविषयी तर वेगळे सांगावयास नको. चूर्णही औषधच असते, आणि काही रसौषधींत सापडणारे शिसे बालमेंदूचे जे नुकसान करते त्याचा हिशेब पुडी देणारा ठेवत नाही.

या विषयाचा इतिहास पाहू जाता त्यात दोन प्रवाह स्पष्ट दिसतात. एक शिक्षकांचा, दुसरा डॉक्टरांचा. शिक्षकांचा प्रवाह जुना असून त्याचा उगम, आश्चर्य असे, की एका डॉक्टरातच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सच्या अव्हेरॉन प्रांतातील रानात सापडलेल्या, भाषा न येणाऱ्या मुलाला माणसांत आणण्यासाठी इतार या तरुण वैद्याने पाच-सहा वर्षे खपून प्रयत्न केला. त्याच्या स्वतःच्या दृष्टीने तो फसला. परंतु स्पर्श, श्रवण, दृष्टी यांना क्रमाक्रमाने वळण लावीत बुद्धीपर्यंत जाता येते, ही त्याची दिशा त्याचा शिष्य सेगँ याने उचलली, आणि सेगँचे ग्रंथ वाचून रोमच्या मारिया मॉंटेसरीने मतिमंद समजल्या गेलेल्या मुलांना लिहावाचावयास शिकविले. तिचा पुढचा प्रश्न असा होता, की या पद्धतीने जर मंद मुले शिकतात, तर निरोगी मुले इतकी मागे का राहतात? १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या दरिद्री वस्तीत तिचे पहिले बालगृह उघडले ते या प्रश्नातून. आज शहरांतील महागड्या बालवाड्यांत खरखरीत कागदाची अक्षरे भिंतीवर मांडून ठेवलेली दिसतात आणि भरपूर शुल्क देणारे पालक त्यांकडे कौतुकाने पाहतात. ती अक्षरे मुळात ज्यांना कोणी शिकवू इच्छीत नव्हते अशा मुलांसाठी घडली होती, ही गोष्ट बहुतेकांच्या गावी नसते.

हाच प्रवाह भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात १९२० साली आला, १९२६ साली गिजुभाई व ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापिला, आणि १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला व पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांच्या साहाय्याने जे काम उभे केले त्यात त्याने खेड्याचे रूप घेतले. ताराबाईंचे मोठेपण माझ्या मते यात आहे, की इटालीहून आलेली महागडी साधने त्यांनी बाजूला ठेवली आणि गारगोट्या, शिंपले, बिया, पाने यांतून तेच इंद्रियशिक्षण वारली मुलांच्या दारी नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, ही अंगणवाडीची कल्पना त्यांचीच. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा त्यांनीच चालविली. आपल्या विदर्भात तर वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम जन्मली होती, जिचा पायाच हाताने केलेल्या कामातून बुद्धीचे शिक्षण हा होता. नई तालीम मतिमंदांसाठी निघाली नव्हती. पण ज्या मुलाचे डोके पुस्तकाच्या वाटेने चालत नाही त्याला टकळीच्या, मातीच्या, शेताच्या वाटेने जाण्याची मुभा तिने दिली होती. ही मुभा शाळाखात्याने पुढे 'कार्यानुभव' नावाच्या एका तासिकेत कोंडली हे आपले दुर्दैव.

डॉक्टरांचा प्रवाह रोगाचे नाव शोधीत निघाला. जर्मनीत रूडोल्फ बर्लिन याने १८८७ साली डिस्लेक्सिया हा शब्द योजिला, तो मेंदूला इजा झालेल्या प्रौढांसाठी. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टराने पर्सी नावाच्या एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली, जो सर्व बाबतींत चलाख असून वाचनात अडत होता, आणि ज्याच्याविषयी त्याच्या गुरुजींचे मत असे होते, की सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. ग्लासगोच्या हिन्शेलवुडने अशा हकीकती गोळा करून १९१७ साली ग्रंथ लिहिला. अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन या डॉक्टराची गाठ ॲना गिलिंगहॅम या शिक्षिकेशी पडली आणि दोन प्रवाहांचा संगम झाला: अक्षर डोळ्यांनी पाहावे, कानांनी ऐकावे, तोंडाने म्हणावे आणि हाताने गिरवावे, हे चारही एकाच वेळी, ठरावीक क्रमाने, पुनःपुन्हा. ग्रेस फर्नाल्ड हिने याच सुमारास बोटाने शब्द गिरविण्याची रीत बसविली. गेल्या शतकभरात या पद्धतींत भर पडली, काटछाट झाली, वाद झाले. पण ध्वनी आणि अक्षर यांची सांगड उघडपणे, क्रमवार व भरपूर सरावाने घालून दिल्याशिवाय अशा मुलाला वाचता येत नाही, हा निष्कर्ष टिकून राहिला आहे.

स्वमग्नतेचा इतिहास याहून दुःखद आहे. १९४३ साली लिओ कॅनर याने तिचे वर्णन केले आणि पुढची दोनतीन दशके आईच्या थंड स्वभावामुळे मूल असे होते, हा समज विद्वानांनीच पसरविला. ब्रूनो बेटेलहाइमचा त्या मताचा ग्रंथ १९६७ सालचा आहे. शास्त्राने तो समज केव्हाच टाकला, पण आमच्याकडे सासरच्या ओसरीवर तो अद्याप सुखाने बसलेला आहे. वर्तनशिक्षणाची शाखा, जिला लोव्हासच्या १९८७ च्या प्रबंधाने बळ आले, मुलाला बोलणे, जेवणे, कपडे घालणे अशा कौशल्यांचे लहान तुकडे पाडून शिकविते. तिच्या आरंभीच्या कठोरपणावर, विशेषतः शिक्षेच्या वापरावर, मोठे झालेल्या स्वमग्न व्यक्तींनीच पुढे टीका केली. हे वेगळेपण रोग मानू नये, मनुष्यजातीच्या वैविध्याचा तो एक भाग मानावा, असे म्हणणारी चळवळ गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उभी राहिली आहे. तिचे म्हणणे मला पुष्कळ अंशी पटते. मात्र ज्या मुलाला तहान लागली हेही सांगता येत नाही, त्याच्या आईला हे तत्त्वज्ञान पुरत नाही.

शरीराच्या वाटेने मेंदूकडे जाऊ पाहणाऱ्या शाखेविषयी जरा जपून बोलले पाहिजे, कारण 'समग्र' हा शब्द सर्वांत अधिक तीच वापरते. जीन एअर्स यांची संवेदनांच्या समन्वयाची उपचारपद्धती, झोके, चेंडू, वजनाचे कपडे इत्यादी, व्यवसायोपचार करणाऱ्यांत लोकप्रिय आहे. मुले तिच्यात रमतात, काहींची बेचैनी कमी होते, पुरावा बेताचा आहे. योगाचेही तसेच. नागपूरच्या जनार्दनस्वामींच्या मंडळाने ज्या विदर्भात घरोघरी आसने पोचविली तेथे त्याचे महत्त्व मी वेगळे सांगण्याची गरज नाही. श्वास आणि स्थैर्य यांच्या अभ्यासाने चंचल मूल काहीसे निवते, परंतु सूर्यनमस्काराने कोणाला जोडाक्षर आल्याचे ऐकिवात नाही. आणि हातापायांच्या ठरावीक हालचाली दिवसातून अनेकदा करवून मेंदू नव्याने घडविण्याची डोमन-डेलाकाटो यांची रीत, जिच्यासाठी असंख्य घरांनी आपली झोप, पैसा आणि इतर भावंडांचे बालपण खर्ची घातले, तिला आधार नसल्याचे अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९८२ साली आणि पुन्हा १९९९ साली जाहीर केले आहे. आहाराचे पंथ, रंगीत भिंगांचे पंथ यांच्याविषयी येथे लिहीत नाही. ती सर्व दुकाने थोड्याफार फरकाने एकाच पेठेतली.

महाराष्ट्रात या मुलांसाठी संस्था निघाल्या त्या प्रथम मुंबई-पुण्याला. जय वकील शाळा १९४४ ची, पुण्याची कामायनी १९६४ ची. नागपूरला मातृसेवा संघाने आपल्या सेवाकार्यात मतिमंद मुलांच्या शाळेची भर घातली. अध्ययन अक्षमतेकडे लक्ष जाण्यास मात्र विसावे शतक संपत यावे लागले. १९९६ साली महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली आणि त्याच सुमारास राज्य शासनाने अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा इत्यादी सवलती मंजूर केल्या. देशात हे पाऊल उचलण्यात महाराष्ट्र अग्रेसर होता. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. सुनील करंदे यांनी अशा मुलांच्या तपासणीचे व संशोधनाचे काम केले. २००१ साली डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी उमीद हे बालविकास केंद्र उघडले. 'तारे जमीं पर' हा चित्रपट २००७ च्या डिसेंबरात आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द तुमसरच्या चित्रपटगृहापर्यंत पोचला. शब्द पोचला, तपासणी पोचली नाही. सवलतीचे फर्मान सर्व राज्यासाठी होते, पण ते ज्या प्रमाणपत्रावर अवलंबून होते ते मिळविण्यासाठी मोहाडीच्या विणकराने मजुरी बुडवून किती वेळा नागपूर-मुंबई करावी याचा विचार फर्मानात नव्हता.

येथे आमच्या झाडीपट्टीकडे वळतो, कारण या संग्रहाचे प्रयोजन तेथे आहे. जी गोष्ट मुंबईच्या ग्रंथांत सापडणार नाही ती बोलीची. झाडीबोलीत ण नाही, ळ नाही, श आणि ष नाहीत; पाण्याला पानी, शेताला सेत, डोळ्याला डोरा. तुमसरकडच्या कित्येक घरांत पोवारी बोलली जाते, साकोलीच्या बाजूस काही घरांत हलबी-गोंडीचा अंमल आहे, आणि बालाघाटची हिंदी तर हाकेच्या अंतरावर. अशा घरातून आलेले मूल श्रुतलेखनात 'पानी' लिहिते तेव्हा गुरुजी तांबड्या शाईने त्यावर फुली मारतात. वास्तविक त्या मुलाने आपल्या कानाला ऐकू आलेला प्रत्येक ध्वनी अचूक सोडवून योग्य अक्षरात मांडलेला असतो. म्हणजे ज्या शक्तीच्या अभावाला डिस्लेक्सिया म्हणतात ती शक्ती त्याच्यात शाबूत असल्याचा तो लेखी दाखलाच होय. याउलट जे मूल 'पानी' या शब्दातला पहिला ध्वनी कोणता हे तोंडी विचारूनही सांगू शकत नाही, जे 'नापी' लिहिते किंवा रिकामी जागा सोडते, त्याच्याकडे थांबून पाहावयास हवे. तांबडी फुली दोघांवर सारखीच पडते आणि त्यामुळे पहिल्याचा आत्मविश्वास जातो, दुसऱ्याची अडचण झाकली जाते.

आपली लिपीही स्वतःचे डाव टाकते. इंग्रजी ग्रंथांत उलट्यासुलट्या अक्षरांची जी उदाहरणे असतात ती आमच्या वर्गात फारशी भेटत नाहीत. येथे भेटतात ती घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांची गफलत, आणि त्याहून बिकट म्हणजे वेलांटी व रफार. ह्रस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण लिहिताना त्याच्या आधी उभी राहते. 'सूर्य' शब्दातला र तोंडात य च्या आधी येतो आणि कागदावर त्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. शिवाय मराठी बरीचशी उच्चारानुसारी असल्यामुळे अडचणीचे मूल पुष्कळदा चुकीचे वाचत नाही, फक्त फार हळू वाचते, आणि हळू वाचणाऱ्याला आम्ही वाचता येते असेच समजतो. चौथीपर्यंत ते निभते. पाचवीत इतिहासाचा धडा चार पानांचा झाला की कोसळते. भारतीय भाषांतील वाचनाक्षमतेच्या तपासणीसाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली डाली नावाचे जे साधन सिद्ध केले त्यात मराठीचाही समावेश आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु त्यातील प्रमाण मराठी आणि लाखांदूरच्या मुलाची मराठी यांतले अंतर तपासणाऱ्याने आपल्या मनाशी धरले पाहिजे.

दुसरी स्थानिक बाब रक्ताची. सिकलसेलचा आजार पूर्व विदर्भात, आणि म्हणून भंडाऱ्यात, मोठा आहे. त्याच्या वेदनांनी मूल वारंवार घरी राहते हे सर्वांना दिसते. न दिसणारी गोष्ट ही, की या आजारात मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या कोंडून बाहेर काहीही लक्षण न दाखविणारे लहान आघात होऊ शकतात, आणि कालपर्यंत नीट शिकणारे मूल हळूहळू मागे पडू लागते. त्याला समुपदेशन आणि रंगीत तक्ते देण्यापूर्वी त्याचे रक्त तपासले पाहिजे, आणि आजार निघाला तर औषध चालू ठेवले पाहिजे. समग्र दृष्टी ती हीच. कान, डोळे, रक्त, झोप, घरची भाषा, बापाचे स्थलांतर, आईची स्थिती आणि गुरुजींची रीत, इतके सगळे पाहणारी. आसने व तेल एवढ्यावर आटोपणारी नव्हे. या तपासण्यांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाड्यांत दोनदा यावयाची आहेत व विकासातील विलंब हा त्यांच्या यादीतील एक विषय आहे. पथक आले की गुरुजींनी खरूज-नायट्याबरोबर वाचनाच्या अडचणीचीही नावे त्यांच्यापुढे ठेवावीत, एवढी सूचना येथे करून ठेवतो.

उपचार प्रत्यक्षात कसा असतो हे या संग्रहातील लेख सविस्तर सांगतात; वानगीदाखल एकच पाहू. परातीत वैनगंगेची बारीक रेती पसरलेली. जिच्या घाटांच्या लिलावांवरून कचेऱ्यांत एवढी रणे माजतात तिची ही ओंजळभर मात्र निर्वेध शाळेत आली. बाई 'म' असा नुसता ध्वनी काढतात, नाव घेत नाहीत. मूल तोच ध्वनी काढीत तर्जनी आणि मध्यमा या दोन बोटांनी रेतीत अक्षर काढते, ध्वनी संपेपर्यंत बोटे उचलायची नाहीत. परात हलवली की अक्षर पुसले, चूक उरली नाही, तांबडी शाई नाही. पाच वेळा म, मग त्याला काना, मग 'मामा', मग 'मासा', आणि मासा वाचला की तो कोणता, वाघूर की बोटरी, यावर दोन वाक्ये बोलणे. वीस मिनिटांत थांबायचे, दुसऱ्या दिवशी मागचे झाल्याशिवाय पुढचे घ्यायचे नाही. खर्च शून्य. पण हे रोज, सहा महिने, वर्षभर करावे लागते, आणि दोन वर्गांना मिळून एकच शिक्षक असलेल्या, वर्षातले कित्येक दिवस मतदारयाद्यांत आणि ऑनलाइन माहिती भरण्यात गुंतलेल्या शाळेत ती वीस मिनिटे काढणे हीच या उपचाराची खरी किंमत होय.

आपल्या मातीत याला अनुकूल असे पुष्कळ आहे. दिवाळीनंतर धान घरात आले की गावोगाव नाटके उभी राहतात, दंडार नाचते. झाडीपट्टीच्या त्या रंगमंचावर प्रॉम्प्टरचा आवाज कानांनी टिपून तीन अंकांचा राजा रंगविणारा नट हा काही नवलाचा विषय नाही. ज्याला वाचणे जड जाते त्याला वाचून दाखवावे आणि त्याने आपला गुण दाखवावा, ही व्यवस्था आमच्या रंगभूमीने कोणाच्याही प्रमाणपत्राशिवाय केव्हाच मान्य केली. परीक्षा मंडळाला तिच्यासाठी १९९६ साल उजाडावे लागले.

हा संग्रह आताच का, याचे उत्तर कायद्यात व बाजारात मिळून आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात अध्ययन अक्षमतेचा उल्लेखही नव्हता, स्वमग्नतेचाही नव्हता; २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत दोन्ही घेतले. हक्क कागदावर आला आणि त्याच्या मागोमाग व्यापारी आले. नागपूरच्या रस्त्यांवर 'औषधाशिवाय ऑटिझम बरा' अशा अर्थाचे फलक आहेत, मोबाइलवर तर त्यांचा पूर आहे. मेंदूच्या विकारांवर चमत्कारी उपायांची जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने मनाई आहे याची आठवण कोणाला नाही. ज्याला नागपूर परवडत नाही तो गावच्या जाणत्याकडे उतारा आणि गंडादोरा घेतो. जाणता निदान बोलावल्यावर घरी येतो, आईची हकीकत पूर्ण ऐकून घेतो. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात त्या आईला दोन मिनिटेही मिळत नाहीत. जाणत्याला हटवावयाचे तर त्याच्याइतका वेळ देणारा कोणीतरी त्या जागी बसविला पाहिजे. फिरते विशेष शिक्षक हे काम करू शकतात. त्यांची संख्या आणि त्यांच्या नेमणुकांची शाश्वती वाढविणे हा शासनाने करावयाचा सर्वांत मोठा औषधाविना उपचार होय.

संग्रहातील लेखक प्राथमिक शिक्षक, विशेष शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि पालक आहेत. त्यांनी प्रबंध लिहिलेले नाहीत. जे केले ते आणि जे साधले नाही तेही लिहिले आहे, आणि मुलांची व गावांची नावे बदलली आहेत. काही लेखांची भाषा मुद्दाम झाडीबोलीच्या अंगाने जाते, ती संपादकांनी प्रमाण केली नाही हे योग्यच झाले. कोणत्याही एका पंथाचा पुरस्कार येथे नाही, बरे होण्याचे आश्वासन नाही. डिस्लेक्सिया असलेले मूल वाचू लागते, पण बहुधा जन्मभर इतरांपेक्षा सावकाश वाचते, हे एका लेखात एका वडिलांनी जितक्या शांतपणे लिहिले आहे तितके मला लिहिता आले नसते. एका उणिवेचा उल्लेख केला पाहिजे: मुलींविषयीचे लेख थोडे आहेत. गप्प बसणारी मुलगी शिक्षकाच्या नजरेत भरत नाही, आणि शाळा सुटली तरी घरकामात ती कमी पडत नसल्यामुळे घरालाही काही चुकल्याचे वाटत नाही. पुढील आवृत्तीत ही उणीव भरून निघावी.

पालकांना एक विनंती करतो. मूल अडखळते असे वाटले तर प्रथम त्याचे कान, डोळे आणि रक्त तपासून घ्या. चालू असलेले औषध कोणाच्याही सांगण्यावरून डॉक्टरांना न विचारता थांबवू नका. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र प्राथमिक शाळेतच मिळू शकते आणि पुढे ठरावीक टप्प्यांवर ते पुन्हा तपासले जाते. तेव्हा दहावीच्या परीक्षेचे अर्ज भरावयाची वेळ येईपर्यंत थांबू नका. मूल तिसरीत असतानाच मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करा आणि त्याची पोच मागून घ्या.